शून्याच्या वर

१

थेंबबाईंचा ट्रेलर डेपोच्या मागच्या अंगणात वळला, तेव्हा मीटरवाले अण्णा शिडीच्या पायथ्याशी पालथे पडलेले होते आणि वरून त्यांच्या पाठीवर डिझेल ठिबकत होतं.

थेंबबाई म्हणजे वजनमापे खात्याच्या निरीक्षक. हे नाव त्यांना टँकरवाल्यांनी ठेवलं होतं. टाकी रिकामी करताना शेवटचा थेंब पडेपर्यंत बाई हाताची घडी घालून उभ्या राहायच्या, मग मागे टँकरची रांग कितीही लांबो. वर्षातून एकदा त्या या डेपोत यायच्या, इथली मीटरं खरं बोलतात की थापा मारतात ते बघायला. दर वर्षी अण्णा फाटकापाशी त्यांची वाट बघत उभे असायचे. आज फाटकात कोणी दिसलं नाही, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती.

अंगणाच्या मधोमध अण्णांची तपासायची टाकी उभी होती. सगळे तिला प्रूव्हर म्हणत. प्रकार तसा साधा: खाली हजार लिटरचं पोट, वर बाटलीसारखी बारीक मान, मानेला उभी काच, काचेला लागून पट्टी आणि पट्टीच्या मध्यावर शून्य. मीटरनं हजार लिटर सांगितले आणि डिझेल मानेत नेमकं शून्यावर थांबलं, तर मीटर खरं. वर गेलं किंवा खाली राहिलं, तर खोटं. मान बारीक अशासाठी, की पोटातला पेलाभर फरक मानेत बोटभर दिसावा. आज त्या मानेच्या काठावरून डिझेल बाहेर येत होतं, टाकीच्या पांढऱ्या अंगावरून ओघळत होतं, शिडीच्या पायऱ्या चकचकीत झाल्या होत्या.

बाई गुडघ्यावर बसल्या. अण्णांच्या नाकासमोर त्यांनी मनगटावरचं घड्याळ धरलं. काच धूसर झाली.

ट्रेलरच्या ड्रायव्हरची हाक ऐकून सगळ्यांत आधी धावत आला तो फोरमन मामा. लोडिंगचा हा फोरमन साऱ्या डेपोचा मामा होता. कोणाचं लग्न असो, कोणाचं दुखणं असो, मामा पुढे. "श्वास चालू आहे," बाई म्हणाल्या, आणि मामा मटकन खाली बसला. तोंड पांढरंफटक. केवढा जीव आहे म्हाताऱ्याचा अण्णांवर, असं लोडर एकमेकांना म्हणाले.

अँब्युलन्स आली. दोघांनी अण्णांना अलगद स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा बाईंना एक गोष्ट दिसली. भोवतीची फरशी डिझेलनं चिंब होती. अण्णा जिथे पडले होते ती जागा मात्र कोरडी ठणठणीत होती.

त्या काही बोलणार एवढ्यात पंपघराच्या दारातून अण्णांचा मेहुणा बाहेर आला. पंप तोच चालवायचा, म्हणून त्याला पंप्या म्हणत. तिशी ओलांडलेला, अंगानं धडधाकट, डोक्यानं तापट. स्ट्रेचर बघून तो जागच्या जागी थिजला.

मामा उठत होता. त्यानं वर टाकीच्या मानेकडे पाहिलं, खाली फरशीवरच्या डिझेलकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य उमटलं. "पंप्या," तो म्हणाला, "पंप कोणी चालू केला रे?"

अंगणातल्या सगळ्या माना पंप्याकडे वळल्या. कारण काल संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, पंप्या अण्णांना ओरडून काय म्हणाला होता ते कोणीच विसरलं नव्हतं.

२

"तुम्ही त्या शिडीवरून खाली याल तेव्हाच माझा नंबर लागेल." हे ते वाक्य.

ते फौजदाराला ऐकवण्यात लोडरांची चढाओढ लागली. भांडण जुनं होतं. प्रूव्हरचं काम आपल्याला स्वतंत्र द्यावं, असं पंप्याचं म्हणणं. अण्णा म्हणायचे, अजून तुला थेंबाची वाट बघता येत नाही, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. काल ते चारचौघांत म्हणाले आणि पंप्याचा पारा चढला.

फौजदार हा घाईचा माणूस होता आणि ती घाई लपवण्याइतकाही वेळ त्याच्यापाशी नव्हता. त्याला सगळं आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. अण्णा वर उभे राहून काच वाचत होते. यानं पंपघरात बटण दाबलं. टाकी उतू गेली, शिडी बुळबुळीत झाली, अण्णा घसरले. मुद्दाम केलं की रागाच्या भरात केलं, ते नंतर बघू.

"मी पंपाला हातच लावला नाही," पंप्या म्हणाला. "मी कामावर आलो चहाच्या सुट्टीनंतर. तपासणीच्या दिवशी मागच्या अंगणात कुणी फिरकायचं नाही, हा भावजींचाच दंडक. मी फिरकलो नाही."

"पण पंपघरातून पंप चालू होतो ना?"

"होतो."

"मग झालं तर."

अण्णांना शेवटचं कोणी पाहिलं? डेपोचा मॅनेजर म्हणाला, मी सकाळी बाहेर होतो. कुठे, ते मात्र सांगेना. मग मामा पुढे झाला. चहाच्या सुट्टीत आपण मागे डोकावलो होतो, असं त्यानं जड आवाजात सांगितलं. अण्णा वर उभे होते, धडधाकट, काच वाचत होते. म्हणजे पडले ते त्यानंतर. आणि त्यानंतर अंगणाला लागून एकटा पंप्याच होता.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून वहिनी बोलत होती, अण्णांची बायको, पंप्याची सख्खी थोरली बहीण. बाईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"डोक्यात रक्त साचतंय म्हणतात," वहिनी म्हणाली. रडून झालेल्या माणसाचा आवाज होता तो, सरळ. "ह्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून डोकं उघडायला डॉक्टर कचरतात. आत्ता तासाभरापूर्वी पडले असतील तर थांबून बघू म्हणतात. पण सकाळपासून तसेच पडून असतील, तर थांबणं म्हणजे हातचा माणूस घालवणं. केव्हा पडले, एवढंच विचारतायत. कुणी सांगेल का मला?"

फौजदारानं मामाकडे पाहिलं. मामानं ओठ ओले केले.

"चहानंतर," तो म्हणाला. "चहाला तर मी बघितलंय ना त्यांना."

"बरं," वहिनी म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि माझा भाऊ तिथेच आहे का? लोक मला इथे फोन करून काय काय सांगतायत. त्यानं केलं असेल तर तसं सांगा, बाई. एकाला मी इथे धरून बसलेय. दुसऱ्याला धरायचं की सोडायचं, ते तरी मला कळू द्या."

फोन ठेवला गेला. फौजदारानं पंप्याचा दंड धरला.

बाई मान कलती करून काहीतरी ऐकत होत्या. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

पंप बंद होता. झडप घट्ट आवळलेली होती. आणि टाकीच्या मानेवरून डिझेल अजूनही ठिबकत होतं.

३

"मला थोडा वेळ द्या," बाई फौजदाराला म्हणाल्या. "याला न्यायला संध्याकाळ आहेच. गाडी तुमची, माणूस तुमचा, पळून कुठे जातोय."

फौजदारानं कपाळाला आठ्या घातल्या, पण मान हलवली. सरकारी माणसानं सरकारी माणसाला तेवढं द्यावं लागतं.

बाई आधी मीटरपाशी गेल्या. आकडा होता हजार, ना कमी ना जास्त. प्रूव्हरला येणारी नळी एकच, आणि ती याच मीटरमधून आलेली. पंप्यानं मागाहून डिझेल सोडलं असतं, तर आकडा हजाराच्या पुढे गेला असता. हे त्यांनी फौजदाराला दाखवलं, तर तो हसला.

"बाई, हे मीटर खरं की खोटं ते तपासायलाच तुम्ही आज आलात ना? मग त्याचीच साक्ष कशी काढता?"

उत्तर खोचक होतं, पण चूक नव्हतं. बाईंना ते मनातून आवडलंसुद्धा.

पायऱ्या पुसून घेऊन त्या वर चढल्या. वरचा फळीएवढा सज्जा, त्याला पाठीमागे कमरेइतकी एक आडवी लोखंडी दांडी, दोन बोल्टांनी धरलेली. अण्णा काच कशी वाचायचे हे त्यांनी कित्येक वर्षं पाहिलं होतं. डोळा डिझेलच्या पातळीत आणायला ते पाठ दांडीला टेकवायचे आणि गुडघे वाकवून हळूहळू खाली सरकायचे, भिंतीला पाठ खाजवणाऱ्या बैलासारखे. वर्षानुवर्षं पाठ घासून त्या दांडीवरचा रंग एका जागी उडाला होता आणि आतलं लोखंड चकाकायला लागलं होतं.

ती चकाकी आज टाकीच्या बाजूला नव्हती. ती बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेकडे तोंड करून होती.

बाई त्या दांडीकडे पाहत राहिल्या. पाठीवर ऊन चटका देत होतं. पुढे हात करून त्यांनी टाकीच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग खाली अंगणाच्या उंच भिंतीकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड एकदम घट्ट मिटलं.

त्या खाली उतरल्या त्या थेट आपल्या ट्रेलरकडे. ट्रेलरवर खात्याची स्वतःची टाकी होती, अण्णांच्या टाकीची जुळी बहीण म्हणावी अशी. तेच पोट, तीच मान, तोच पांढरा रंग. "हिला अण्णांच्या टाकीशेजारी उन्हात लावा," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. "आणि बाजूच्या मीटरवरून भरा. शून्यावर आणून सोडा."

मॅनेजरच्या कपाळावर आठी चढली. फौजदार तर उघडच म्हणाला, की माणूस तिकडे मरणाशी झुंजतोय आणि यांना मीटर तपासायचं सुचतंय. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

टाकी भरायला लागली तसा पंप्या, दंडावर शिपायाचा हात असतानाही, बोलून गेला. "बाई, टाकी ओली नाही केलीत?"

बोलला ते खरं होतं. कोरड्या टाकीत माप घ्यायचं नसतं. आधी एकदा भरायची, रिकामी करायची, शेवटचा थेंब निथळू द्यायचा. मग आतून ओल्या झालेल्या टाकीत खरं माप. थेंबबाईंचं नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच नियम, आणि आज त्यांनीच तो धाब्यावर बसवला होता.

बाई त्याच्याकडे वळल्या. एवढ्या घालमेलीत या माणसाला टाकी ओली करायची आठवण राहिली होती.

"आज मला माप घ्यायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "आज वेळ मोजायची आहे."

४

मग बाईंनी एकेकाला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. फौजदार खिडकीत बसून घड्याळ बघत होता, आणि बाई अधूनमधून खिडकीबाहेर आपल्या टाकीकडे बघत होत्या.

मॅनेजरला घाम फुटला होता. सकाळी त्याची गाडी मागच्या फाटकाशी उभी होती, हे दोन लोडरांनी पाहिलं होतं. तपासणी पुढे ढकला म्हणून तो अण्णांच्या मागे लागला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बराच वेळ आढेवेढे घेतल्यावर त्यानं दार लावून घेतलं आणि पुटपुटत कबुली दिली. दुसऱ्या कंपनीत नोकरीची मुलाखत होती. साहेब लोकांना कळू नये म्हणून मागच्या फाटकातून सटकला होता. मुलाखत कशी झाली, असं फौजदारानं विचारलं, तर म्हणाला, बरी झाली होती, आता कोण घेतंय मला.

पंप्याला विचारायला फारसं काही नव्हतं. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. "मी बोललो ते बोललो, बाई. जिभेला हाड नसतं. पण मी त्यांच्याकडूनच शिकलोय सगळं. काच वाचताना मी अंदाजानं काही म्हटलं, की भावजी वरूनच ओरडायचे, वाटलं ते माप नव्हे. रोज ओरडायचे. घरी जेवतानासुद्धा. ताई हसायची." तो खिडकीबाहेरच्या शिडीकडे वळला. "मी त्यांना खाली पाडेन का?"

शेवटी मामा आला. त्यानं टोपी हातात घेतली होती. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. चहाच्या सुट्टीत नेमकं काय पाहिलं, ते सावकाश सांगायला सांगितलं.

"सांगायचं काय, बाई. दारातनं डोकावलो. अण्णा वर होते. म्हणाले, मामा, पहिल्याच फेरीत शून्य लागला बघ. आणि होताच की. डिझेल बरोबर शून्यावर होतं, केसभर वर नाही, केसभर खाली नाही."

"तुम्ही दारातच होता?"

"दारातच. आत जायची परवानगी नव्हती ना."

"आणि डिझेल सांडलेलं नव्हतं?"

"थेंब नव्हता. आईशप्पथ." हे मामा इतक्या कळवळून म्हणाला, की फौजदारानंसुद्धा मान डोलावली. "म्हणून तर मी चक्रावलोय, बाई. एवढं डिझेल आलं कुठनं? पंप्याशिवाय दुसरं कोण सोडणार?"

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. डाव्या तळव्याला ताजा ओरखडा होता आणि त्यात जुना तांबडा रंग भरला होता. सज्ज्याची दांडी तांबड्या रंगाची होती.

फोन वाजला. वहिनी. अण्णांच्या एका डोळ्याची बाहुली मोठी व्हायला लागली होती. डॉक्टर दारातच उभे होते.

"काही कळलं का हो?" वहिनीनं विचारलं.

बाई उठल्या. "फोन चालू ठेवा," त्या म्हणाल्या, "ठेवू नका." आणि जवळजवळ पळतच बाहेर गेल्या. मागोमाग फौजदार, मॅनेजर, मामा.

५

बाईंच्या टाकीची काच उन्हात लखलखत होती. शून्यावर सोडलेलं डिझेल आता शून्याच्या वर होतं, तीन बोटं वर. झडप बंद, नळी काढून ठेवलेली, शिपाई पूर्ण वेळ शेजारी उभा. कोणी बोट लावलं नव्हतं.

"हे वर कसं गेलं?" फौजदार म्हणाला.

"ऊन," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा फोनमध्ये बोलल्या. "वहिनी, डॉक्टरांना सांगा, सकाळी पडलेत. अगदी सकाळी, अंगणाच्या भिंतीवरून ऊन आत यायच्याही आधी. मी सांगितलंय म्हणून सांगा, नाव घेऊन सांगा. थांबू नका म्हणावं."

पलीकडे पावलांचा आवाज झाला, दार आपटल्याचा आवाज झाला. फोन चालूच राहिला.

मग त्या फौजदाराकडे वळल्या.

"डिझेल जमिनीखालच्या टाकीतून येतं, गार असतं. उन्हात तापलं की फुगतं. थोडंसंच फुगतं, पोटात ते दिसत नाही, मानेत दिसतं. आम्ही भरल्याबरोबर वाचतो आणि वाचल्याबरोबर रिकामी करतो, म्हणून भरलेली टाकी उन्हात उभी राहिलेली या डेपोत कोणी पाहिलेलीच नाही. अण्णांची टाकी आज तशी उभी राहिली, कारण ती रिकामी करणारा माणूस खाली पडला होता. भर दुपारच्या उन्हात माझी टाकी एवढ्या वेळात तीन बोटं चढली. अण्णांची हातभर चढून वर सांडायला लागली होती, तीही सकाळच्या कोवळ्या उन्हापासून. चहानंतर भरली असती, तर निम्म्यावरसुद्धा आली नसती. अजून ठिबकतेय ती त्याचमुळे. कोणी पंप चालवला नाही, कोणी डिझेल सोडलं नाही. मीटर बिचारं खरंच बोलत होतं."

"म्हणजे डिझेलवरून घसरले नाहीत?"

"ते पडले तेव्हा डिझेल नव्हतंच. त्यांच्या पाठीवर होतं, अंगाखाली नव्हतं. अंगाखालची फरशी कोरडी होती, तुमच्या अँब्युलन्सवाल्यांना विचारा. आधी अण्णा पडले, मग डिझेल."

फौजदारानं पंप्याच्या दंडावरचा शिपायाचा हात आपणच काढला. "मग चहाच्या सुट्टीत मामांनी पाहिलं ते?"

मामा टोपी पिळत उभा होता.

"मामा," बाई म्हणाल्या, "चहाच्या वेळी डिझेल शून्यावर असूच शकत नव्हतं. ते तोवर बरंच वर गेलेलं होतं. शून्यावर होतं ते फक्त सकाळी, अण्णांनी भरलं तेव्हा. तुम्ही ते पाहिलंत, हे मी मानते. पण शून्याच्या केसभर वर नाही, केसभर खाली नाही, हे दारातून दिसत नाही. ते सज्ज्यावर चढून, डोळा काचेला लावल्यावरच दिसतं. तुम्ही वर चढला होता. आणि दांडी उलटी बसवून खाली आलात."

मग मामाच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं.

काल संध्याकाळी लोडिंगची एक झडप अडकली होती. पहार मिळेना, म्हणून त्यानं प्रूव्हरची दांडी काढून नेली. सकाळी अण्णा यायच्या आत परत लावायची होती. झोप लागली, उशीर झाला. दांडी खांद्यावर टाकूनच तो अंगणात शिरला, आणि समोर अण्णा खाली पडलेले. काच वाचायला पाठ मागे टेकवली असणार. मागे काही नव्हतं.

"मला वाटलं गेले," मामा म्हणाला. "हलत नव्हते, बाई. मला वाटलं, संपलं. मग आता दांडी तरी जागेवर दिसू दे. माझी पोरगी लग्नाची आहे. वर चढलो, बोल्ट आवळले, काचेत शून्य दिसला. म्हटलं, बघा, मरताना पण शून्य बरोबर आणला म्हाताऱ्यानं. आणि निघून गेलो. मग तुम्ही म्हणालात, श्वास चालू आहे." त्यानं डोळे मिटले. "नंतर मागे फिरायला तोंडच उरलं नाही. आणि ते डिझेल बघून मला खरंच वाटलं, की पंप्यानं..."

"डॉक्टरांनी विचारलं होतं," पंप्या म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली होता. "ताईनं फोनवर विचारलं होतं. तुमच्यासमोर."

बाईंच्या हातातल्या फोनमधून आवाज आला. वहिनी परत आली होती, केव्हा आली ते कोणालाच कळलं नव्हतं.

"आत नेलंय ह्यांना," ती म्हणाली. आणि मग, "मामा, तुम्ही वर चढलात, बोल्ट आवळलेत. त्याआधी ह्यांच्या नाकाशी हात धरला होता का?"

"नाही, वहिनी." मामा लहान मुलासारखा रडत होता. "मला वाटलं..."

"वाटलं त्यावर हे काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

फौजदारानं मामाला गाडीत बसवलं, दंड न धरता. अंगणात बाई आणि पंप्या उरले. अण्णांची टाकी अजून भरलेली होती. बाईंनी मान हलवल्यावर त्यानं खालची झडप उघडली. डिझेल भसाभस गेलं, मग धार बारीक झाली, मग थेंब. मोजायचं काहीच नव्हतं. तरी पंप्या हाताची घडी घालून, शेवटचा थेंब पडेपर्यंत, डोळे पुसत तिथेच उभा राहिला.

६

अण्णा वाचले. तासभर आणखी गेला असता तर हात टेकले असते, असं डॉक्टरांनी वहिनीला नंतर सांगितलं. डावा पाय मात्र ओढतच राहिला. शिडी कायमची सुटली.

राहिलेली तपासणी व्हायची होती ती बाई पुन्हा आल्या तेव्हा झाली. फाटकापाशी अण्णा होते, या वेळी खुर्चीत, मांडीवर काठी आडवी. टाकीपाशी आल्यावर खुर्ची उन्हात नको म्हणून वहिनी भांडत होती आणि सावलीतून मला मान दिसत नाही म्हणून अण्णा भांडत होते. शेवटी खुर्ची अर्धी उन्हात, अर्धी सावलीत ठेवून तह झाला.

वर सज्ज्यावर पंप्या होता. त्याचा नंबर लागला होता, त्यानं रागात म्हटलं होतं तसाच, आणि ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दांडी सरळ बसवली होती, चकाकी आतल्या बाजूला. पंप्यानं तिला पाठ टेकवली नाही. एका हातानं ती घट्ट धरून त्यानं गुडघे वाकवले आणि काच वाचली. मग खाली उतरून टाकी ओली करण्यासाठी भरलेलं ते पहिलं डिझेल सोडून दिलं.

धार गेली. थेंब आले, एकेक करत. मग बराच वेळ काही पडलं नाही. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. पंप्यानं झडप बंद करायला हात पुढे केला.

"थांब," अण्णा खुर्चीतून म्हणाले. त्यांचा उच्चार अजून जड होता. "अजून एक आहे."

"मला वाटलं..." पंप्यानं सुरुवात केली आणि जीभ चावली.

वहिनी हसली. किती दिवसांनी हसली, ते तिचं तिलाच ठाऊक. पंप्यानं हात मागे घेतला, आणि चौघंही त्या नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं थेंब पडला.